उचल

प्रकाशकाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, काही सुचलं का?" पस्तीस वर्षं मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि पस्तीस वर्षं हेच ऐकते. तब्येत कशी आहे, मागचं बिल मिळालं का, हे नंतर, बहुतेकदा नाहीच. मीही ठरलेलं उत्तर देते, "सुचतंय, सुचतंय." म्हणजे काहीही सुचलेलं नसतं.

एकदा असा फोन ठेवला तेव्हा आमच्या वाड्यातल्या संस्कृतच्या बाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, शाळेतून निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, पण समोरच्याचं व्याकरण तपासायची खोड गेलेली नाही. म्हणाल्या, "सुचतंय म्हणतेस. मग तू काय करतेयस?"

मला तो टोमणा वाटला. टोमणा होताच, पण त्यात विभक्तीही होती. मी काढते, मी रंगवते, मी कापते, मी चिकटवते. सगळीकडे मी कर्ती. आणि ज्या एका गोष्टीचे मला पैसे मिळतात, नेमकी तिथे मी कर्ती नाही. मला सुचतं. जसं मला दिसतं, मला आठवतं, मला ठेच लागते, मला ताप येतो. "चतुर्थी आहे ती," बाई म्हणाल्या, "संप्रदान. दान ज्याला द्यायचं त्याची विभक्ती." आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. देणारा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून ते मला पुरलंय.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर खिळे जुळवायचे. रात्री येताना वाचून झालेल्या प्रुफांचे कागद आणायचे, पाठकोरे. मी चित्रं काढायला शिकले ती त्या कोऱ्या बाजूवर. कागद दिव्याला धरला की माझ्या मांजराच्या पोटातून कुणाच्या तरी कादंबरीच्या ओळी उलट्या दिसायच्या. यात काही रूपक वगैरे शोधू नका. कागद महाग होता.

कोयत्याची गोष्ट सांगते.

ऊसतोडीवरची एक कादंबरी माझ्याकडे आली. हस्तलिखित मी दोनदा वाचते. दुसऱ्या खेपेला हातात पेन्सिल असते आणि समासात खुणा होतात : वस्तू, वास, वेळ, उजेड कुठून येतोय. कथानकाखाली मी कधीच रेघ मारत नाही. नायिकेनं कुंकू कुठल्या डबीतून लावलं त्याखाली मारते. खुणा भरपूर झाल्या, चित्र काही येईना. मग सगळे करतात तेच केलं. मोबाईलवर "ऊसतोड" टाकलं आणि तासभर बोट फिरवत बसले. उसानं लादलेली बैलगाडी, मागे मावळता सूर्य, गाडीवर काळी आकृती. पुन्हा बैलगाडी, पुन्हा सूर्य. फोटो चांगलेच होते. पण संध्याकाळी कागदावर पेन्सिल टेकवली तर हातातून बैलगाडीच उतरली. पान उलटलं, दुसरी उतरली. चौथ्या पानावर मी बैलगाडी काढायची नाही असं ठरवून बसले आणि चाक काढलं.

याचा अभ्यास झालेला आहे, हे मला नंतर कळलं. १९९१ साली छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेत डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या दोघांनी अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा पेला आखायला सांगितला. काहींना आधी एक नमुना दाखवला. त्या नमुन्यात प्यायला नळी होती; आणि वर स्पष्ट सांगितलं की तुमच्या पेल्यात नळी नको. तरी नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत नळ्या आल्याच, न पाहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. नको म्हटलेली गोष्टसुद्धा डोळ्यांतून हातात उतरते. माझं चाक म्हणजे ती नळी.

माझ्याकडे एक पेटीही आहे, पत्र्याची, सासूबाईंची. तीत बसची तिकिटं, काडेपेट्यांची चित्रं, विडीच्या बंडलांवरची लेबलं, उदबत्तीचे पुडे, साडीच्या घडीवरचे छापील कागद, न गेलेल्या लग्नांच्या पत्रिका. तरुण चित्रकार मुलं येतात, पेटी पाहून हरखतात, म्हणतात, काय खजिना आहे! खरं सांगायचं तर पेटी उघडून मला आजवर एकदाही काही सुचलेलं नाही. गोष्ट पेटीत ठेवली की मी तिच्याकडे बघायची थांबते. पेटी हे माझं न बघण्याचं साधन आहे.

तर जानेवारीत मी लेखकाच्या ओळखीनं पुण्याहून दीडेक तासावरच्या एका कारखान्याच्या तळावर गेले. तीन दिवस राहिले. बीडकडच्या टोळ्या तिथे उतरलेल्या. पाचट आणि प्लॅस्टिकच्या कोप्या, दारात तीन दगडांची चूल, बाया पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या, मग अंधारातच फडात. मी बांधावर बसून चित्रं काढत होते. बोटं गारठायची, काढलेली रेघ थरथरायची. उसाची पानं गालाला लागली की ब्लेडसारखी कापतात, हे मला फोटोंनी सांगितलं नव्हतं. तोडलेल्या उसाला जो गोडसर, ओला, थोडासा आंबट वास येतो तोही नाही.

पहिल्या दिवशी मुकादमाला विचारलं, "टोळीत किती जण?"

"बारा कोयते."

"म्हणजे बारा माणसं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शहरातून आलेल्या बाईकडे बघतात तसं. "कोयता म्हंजी जोडी, मॅडम. नवरा-बायकू."

शेजारी एक बाई मोळी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "येकटं मानूस आसलं की अर्धा कोयता."

दोन माणसं मिळून एक हत्यार होतात. एकटा असेल तर अर्धं हत्यार. हिशेबाच्या वहीत तसंच लिहितात, कारण उचल कोयत्यावर मिळते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. लग्नाला, दवाखान्याला, आधीच्या देण्याला. उचल घेतली की कोयता बांधला गेला. मग टनावर तोडत तोडत ती फेडायची. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटली तर फिटली. नाहीतर पुढच्या वर्षी.

घरी आले. मला वाटलं आता चित्र येईल. नाही आलं. कोयता हा शब्द मनात घेऊन आठवडाभर हिंडले आणि पेन्सिल काही हलेना. प्रकाशकाला "सुचतंय" सांगितलं.

नवव्या दिवशी बँकेत गेले होते. यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या दोघांच्या खात्यावरून त्यांचं नाव काढायचं राहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं खातं उघडतानाचा जुना अर्ज बाहेर काढला. खाली दोन चौकोन, दोघांच्या सह्या, १९८९ सालच्या. त्यांची सही उजवीकडे झुकलेली, माझी अजून नव्या आडनावाला न सरावलेली. मुलगी म्हणाली, "इथे काट मारून शेजारी सही करा." पेन टेकवलं आणि चित्र आलं. एका कोयत्याची एक मूठ आणि तिच्यावर दोन हात. एक बांगड्यांचा, एक बिनबांगड्यांचा. पातं पुस्तकाच्या कण्याकडे. बाकी पान कोरं, पाचटाच्या रंगाचं. बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपच्या मागे मी ते तिथेच काढलं. पाठकोऱ्या बाजूवर.

आता मला सांगा, हे चित्र त्याआधी कुठे होतं?

मी बाईंना हेच विचारलं. त्यांना असं विचारलेलं आवडतं. शेंगा बाजूला ठेवतात. म्हणाल्या, यावर आपल्याकडे हजारो वर्षं भांडण चालू आहे. सांख्यांना विचार. ते म्हणतील, तिळात तेल होतंच, घाण्यानं फक्त बाहेर काढलं. नसतं तर वाळूतूनही निघालं असतं. कार्य कारणात आधीपासून असतं. नैयायिकांना विचार. ते म्हणतील, मुळीच नाही. घट नवा आहे. मातीत घट आधीच होता म्हणणाऱ्यानं मातीच्या ढिगात पाणी भरून दाखवावं.

माझं मत सारखं बदलतं. चित्र हस्तलिखितात नव्हतं. कोयता या शब्दात होतं म्हणावं, तर तो शब्द हजारो लोक रोज बोलतात आणि कुणालाही दोन हात दिसत नाहीत. बँकेच्या अर्जात तर नव्हतंच. फडावरच्या थंडीत, मोळी बांधणाऱ्या बाईच्या वाक्यात, माझ्या काट मारायच्या पेनात थोडं थोडं होतं असं म्हणावं, तर मग तीळ कुठले आणि घाणा कुठला? कदाचित घाण्याला जुंपलेली मीच. हे लिहिताना मला हसू येतंय, कारण जुंपलेल्याच्या डोळ्यांवर झापडं बांधतात, आणि ही गोष्ट माझ्या बाबतीत पुढे खरी झाली. ते शेवटी येईल.

मम्मटानं अकराव्या शतकात काव्याची कारणं सांगितली. जन्मजात शक्ती, लोक, शास्त्र आणि आधीची काव्यं बारकाईनं पाहून आलेली निपुणता, आणि जाणत्याच्या हाताखालचा सराव. शास्त्रांची त्यानं यादीच दिली आहे. व्याकरण, छंद, कोश, कला, आणि पुढे हत्ती, घोडे आणि तलवारी यांच्या लक्षणांचे ग्रंथसुद्धा. म्हणजे कवीला हत्ती कळला पाहिजे, तलवारीचं पातं कळलं पाहिजे. पण मला खरी गंमत वाटली ती त्याच्या एकवचनाची. तीन गोष्टी सांगून तो "हेतू" हा शब्द एकवचनात ठेवतो आणि वर खुलासाही करतो की हे तीन हेतू नव्हेत, तिन्ही मिळून एकच. बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे एक कोयता." बाई खूश झाल्या. क्वचित होतात.

पण मी एका गोष्टीपासून पळते आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लबाडीचा होईल.

१९९८ च्या सुमाराला मी दुष्काळावरच्या एका कादंबरीचं मुखपृष्ठ केलं होतं. पालथी घागर, डावीकडे कललेली, गळ्याभोवती दोराची दोन वेटोळी आणि दोराचं टोक पानाबाहेर गेलेलं. मंडईत कोथिंबीर निवडताना झटक्यात सुचलं होतं. जुडी तिथेच टाकून घरी धावले. त्या चित्राचं कौतुक झालं. एका मासिकात छापूनही आलं. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो अजून आठवतो, आणि म्हणून पुढचं जास्त झोंबतं. आठेक महिन्यांनी साताऱ्याकडच्या एका वृद्ध वाचकाचं पाकीट आलं. आत साठीच्या दशकातल्या एका मासिकाचं मुखपृष्ठ, जपून घडी घातलेलं. पालथी घागर. डावीकडे कललेली. दोन वेटोळी. दोराचं टोक पानाबाहेर. पत्रात तक्रार नव्हती. एवढंच लिहिलं होतं की आपल्या चित्रानं जुनी आठवण झाली म्हणून पाठवतो आहे.

मी ते मासिक कधी पाहिलं नव्हतं. रात्री दोनपर्यंत स्वतःला हेच सांगत होते. मग कागद उलटला आणि मागे छापखान्याचं नाव दिसलं. वडील तिथेच नोकरीला होते.

म्हणजे मी मासिक पाहिलं नसेल, पण मुखपृष्ठाचं प्रूफ पाहिलं असणार. कदाचित त्याच्या मागे मांजर काढलं असेल. मूळ चित्रकार तोवर वारले होते. प्रकाशकाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, कोण बघतंय?" दुसऱ्या आवृत्तीत ऋणनिर्देश घालू असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही.

मंडईत सुचलं ते कुणाचं होतं? मला सुचलं, की मला आठवलं आणि आठवलं हेच आठवलं नाही? दोन्ही क्रियापदं चतुर्थीतलीच. आतून दोघांची चव एकच लागते. झटक्यात येणं, धावत सुटणं, अंगावर काटा. त्या दिवसापासून झटक्याचा मला धसका बसला आहे.

बाईंनी तेव्हा मला राजशेखर दिला. हा माणूस आपला, म्हणजे पणजोबांकडून तरी. त्याचा पणजा अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणत. हा स्वतः दहाव्या शतकाच्या तोंडाशी कनौजच्या प्रतिहारांकडे होता. त्याची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. मला वाटलं संस्कृत शास्त्रग्रंथ म्हणजे रसाची चर्चा असेल. निघाला कारागिराचा ग्रंथ. कवीनं दिवसाचे चार प्रहर कसे घालवावे : पहिल्यात विद्यांचा अभ्यास, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात इतर कवींशी गप्पा, चौथ्यात सकाळी लिहिलेलं एकट्यानं किंवा मोजक्या मित्रांत तपासणं. बघा, माहिती आधी, सुचणं नंतर, आणि संध्याकाळी झडती. आणि मग चक्क उचलेगिरीवर अध्याय. तो सरळ मान्य करतो की चोरी न करणारा कवी नसतो, जसा चोरी न करणारा वाणी नसतो. लपवता येतं तो मजेत राहतो. चोरीच्या प्रती लावतो. आरशातल्या प्रतिबिंबासारखी, म्हणजे अर्थ तोच, मांडणी फक्त दुसरी. चित्रासारखी, म्हणजे थोडे रंग-संस्कार करून वेगळी भासवलेली. दोन माणसं तोंडावळ्यानं सारखी दिसावीत तशी. हे तीन प्रकार त्याच्या आधी आनंदवर्धनानं केले होते, आणि तिसऱ्याला त्यानं दोष दिला नव्हता; तोंडावळा सारखा म्हणून कुणी कुणाची नक्कल ठरत नाही. राजशेखरानं चौथा घातला, परपुरप्रवेश. मूळ एक, पण भोवतीची सगळी मांडणी निराळी. जीवानं दुसऱ्याच देहात शिरावं तसं.

"माझी घागर कुठली?" मी विचारलं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. "आरशातली," म्हणाल्या. आणि मग, थोड्या दयेनं, "आरसासुद्धा डावं-उजवं बदलतो गं."

याच ग्रंथात राजशेखर आपल्या बायकोचं, अवंतिसुंदरीचं, मत देतो. दुसऱ्याचं घेताना कवी मनाशी काय काय सबबी सांगतो त्यांची तिनं माळ लावली आहे. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याची भाषा गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. त्याला त्या भाषेतलं कोण वाचतंय. हजारेक वर्षांपूर्वीची ती बाई माझ्या प्रकाशकाला नावानिशी ओळखत होती असं मला वाटलं.

पण मला सबब नको होती, मला हिशेब हवा होता. न कळत घेतलेलं देणं हे देणं आहे का? सही नाही, साक्षीदार नाही, घेतल्याची आठवणही नाही. इथे आपली परंपरा फार कडक आहे. वेदवाङ्मय म्हणतं की माणूस जन्मतो तोच ऋणं घेऊन : देवांचं, पितरांचं, ऋषींचं. तिथे तरी कुणी सही केली होती? आणि ती फेडायची रीत बघा. देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं, आणि ऋषींचं शिकून. शिकून! आधीच्यांनी जे पाहिलं ते आपण मन लावून पुन्हा पाहायचं, की ते फिटतं. मी आजवर उलटं समजत होते. पाहणं, विचारणं, तळावर जाऊन राहणं, चाळीस रेखाटनं करणं, हे मला घेणं वाटायचं. कच्चा माल आणणं. आणि चित्र म्हणजे देणं. बाईंच्या हिशेबानं सुचणं ही उचल आहे. ती आधीच हातात पडलेली असते. पाहणं ही तोडणी. टनावर.

कुणी म्हणेल, सगळं असं आधीच्यांचंच असेल तर मग मुखपृष्ठाखाली नाव कशाला? बरोबर आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली ती त्यातून. त्या अहवालात त्यांना सगळ्यात जास्त मोह पडला तो तांब्याचा, त्यांच्या भाषेत लोट्याचा. एखाद्याला तो नव्यानं आखायचा झाला तर त्यानं काय काय विचारात घ्यावं लागेल याची त्यांनी लांबलचक जंत्री दिली : पाणी किती, वाहून कसं न्यायचं, हातानं की कमरेवर की डोक्यावर, हात केवढा आणि कुणाचा, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना धार, घासायला आतून हात जातो का, टेकवल्यावर आवाज कसा, विकून किती येतील. आणि निष्कर्ष असा की कुणाही एका माणसानं तो केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी केला.

मीमांसकांकडे यासाठी शब्द आहे, अपौरुषेय. त्यांनी तो वेदांसाठी राखून ठेवला आहे, तांब्याला लावलेला त्यांना चालणार नाही. बाईंनाही चालला नाही. "वेद कुणी केलेच नाहीत, तांब्या खूप जणांनी केला. फरक आहे," असं म्हणून त्या उठून गेल्या. फरक आहे, मान्य. पण सकाळी देवघरातला तांब्या उचलते तेव्हा त्याच्या गळ्याशी माझी बोटं अशी बसतात की ती जागा कुणीतरी माझ्यासाठी ठेवली असावी, आणि त्या कुणाचंही नाव मला माहीत नाही. माझं नाव मात्र दरवेळी छापतात, सहा पॉइंटात.

तुकोबांपाशी मी सगळ्यात शेवटी आले, कारण भीती वाटत होती. बोलणारा पांडुरंग, मी नुसता निमित्त, असं म्हणणारा माणूस माझ्या हिशेबाच्या वहीत कसा बसणार? स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कविता करायचं काम सोपवून गेले, असं ते सांगतात. ही तर शुद्ध चतुर्थी. पण त्यांनी स्वतःचा वृत्तान्त सांगितलेला एक अभंग आहे, त्यात क्रम फार प्रामाणिक आहे. कीर्तनाला उभं राहायचं तर आरंभी अभ्यासात चित्त लागेना, मग संतांची काही वचनं पाठ केली, ती आदरानं, विश्वासानं; पुढे असणाऱ्यांची धृपदं मागे धरली. आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. स्फूर्तीआधी पाठांतर. धृपद धरणं म्हणजे काय हे कीर्तनात मागे उभं राहिलेल्यालाच कळतं. पुढचा म्हणतो त्याच ओळीत आपला आवाज घालायचा, त्याच्या पट्टीत, त्याच्या श्वासावर. मम्मटानं ज्याला अभ्यास म्हटलं तो हा असावा. हा माणूस पाठांतरही लपवत नाही आणि स्फूर्तीही स्वतःकडे घेत नाही.

आणि परंपरा सांगते की घरची सावकारी वाटणीला आली तेव्हा आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. लोकांकडचं येणं आणि स्वतःचं सुचणं, दोन्ही एकाच डोहात. वह्या वर आल्या म्हणतात. खतं वर आल्याचं कुणी सांगत नाही.

कोयत्याचं राहिलं.

पुस्तक उन्हाळ्यात निघालं. मुखपृष्ठ गाजलं म्हणायला हरकत नाही. लेखकानं मुकादमामार्फत दोन प्रती तळावरच्या त्या मोळीवाल्या बाईकडे, गावी पाठवल्या. गणपतीत मला एक ध्वनिसंदेश आला. तिचा मुलगा नववीत आहे, त्याच्या मोबाईलवरून. आधी तो बोलला, पुस्तक आईला वाचून दाखवलं वगैरे. मग तिनं फोन घेतला.

"ताई, चित्तर चांगलं हाय. पन येका कोयत्याला दोगांचं हात कुटं आस्त्यात? येका हातात कोयता, दुसऱ्यात ऊस. ऊस धरलाच न्हाई तर तोडायचं काय? आन् दोगं बी कोयत्यालाच लटाकली तर मोळी कुनी बांदायची?"

मागे कोंबडं ओरडत होतं. संदेश संपला.

मी फडावरची रेखाटनवही काढली. चाळीस-बेचाळीस पानं. प्रत्येक पानावर, थंडीनं थरथरलेल्या रेघेत, डाव्या मुठीत ऊस होता. मी पाहिला होता, काढला होता, एकदाही चुकले नव्हते. आणि बँकेत चित्र झटक्यात आलं तेव्हा त्यानं सगळ्यात आधी तो ऊसच पुसून टाकला.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे, यावेळी खरंच. प्रकाशकाला म्हटलं, चित्र बदलायचंय. तो म्हणाला, "ताई, गाजलेलं चित्र कोण बदलतं? आणि कोण बघतंय?" मी म्हटलं, एकीनं बघितलंय. पैसे वाढवून मिळणार नाहीत असं त्यानं लगेच स्पष्ट केलं. नवं चित्र टेबलावर आहे. एक कोयता, एक हात. दुसरा हात, बांगड्यांचा, मोळीच्या आवळलेल्या गाठीवर. मधे ऊस, दोघांच्या मधून वर गेलेला. पहिल्याइतकं ते अंगावर येत नाही, मला दिसतंय. गाठ मला नीट जमलेली नाही. वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांचा, पीळ देऊन मोळी आवळतात, त्यात टोक आत कसं खोचतात ते माझ्या एकाही पानावर स्पष्ट नाही.

गाठीचा फोटो काढून मुलाच्या नंबरवर पाठवला आहे, आईला दाखव म्हणून. पोचल्याच्या दोन खुणा आल्यात, निळ्या झालेल्या नाहीत. दिवाळी उलटून गेली. टोळी फडात उतरली असेल.